अकरावा रकाना

"पदक दिलेलं आहे, आजोबा," खिडकीतली बाई म्हणाली. "तुम्हाला नाही, एवढंच."

तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कचेरीत मी दोन वर्षं खेटे घालत होतो, आणि माझा अर्ज हातात घेताना सुस्कारा न टाकणारी ती एकटीच होती. तिनं जाड वही माझ्याकडे फिरवली, वरच्या आणि खालच्या ओळींवर दोन पट्ट्या ठेवल्या आणि मधली एकच ओळ मला उघडी करून दिली. मी वाचायला लागलो. मी सावकाश वाचतो. एकसष्टाव्या वर्षी शिकलेलं वाचन बोटाशिवाय चालत नाही, ते ओळीवरून काठी टेकत टेकत जातं. मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, "आटपा की हो, सगळी वही वाचणार का?" तारीख बरोबर होती. नदीचा उतार बरोबर होता. शत्रूच्या गोळीबारात कमरेइतक्या पाण्यातून तीनदा ये-जा करून दोन जखमींना जिवंत आणले, असं कुणीतरी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. आपण केलेली गोष्ट आपल्याला कुणी परक्या अक्षरात सांगावी, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मग बोट क्रमांकावर आलं, आणि तो क्रमांक माझा नव्हता. हजेरीत माझ्या क्रमांकानंतर रोज सकाळी जो ओरडला जायचा, तो होता. लांब्याचा.

"हे तुमच्या ओळखीचे?" बाईनं विचारलं.

"शेजारच्या खाटेवरचा," मी म्हणालो.

"मी नंबरावरून शोधायचं सोडलं आणि तारखेवरून शोधलं, तेव्हा सापडलं. आता असं आहे आजोबा, एका कामगिरीचं पदक एकालाच. तुमच्या सेवापुस्तकात घालायचं तर त्यांच्या पुस्तकातून काढावं लागेल. त्यांच्या बायकोला नोटीस गेली परवाच. तसा नियमच आहे. तीस दिवसांत तुम्ही शपथेवर जबानी द्यायची, त्यांनी पदक परत करायचं किंवा हरकत घ्यायची."

मी खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. दोन वर्षं मी समजत होतो की कुणीतरी कारकून आळसानं विसरला. त्या कारकुनाला मी चेहरा दिला होता, किडके दात दिले होते, पहाटे जाग आली की मी त्याला उभा करून चार शब्द सुनवायचो. तो कारकून कधी नव्हताच. ज्यानं चूक केली होती त्याचे हात माझ्या मनगटांना जोडलेले होते.

हे सांगायचं तर बिल्ल्यांचं सांगायला हवं. आमच्या तुकडीत एक रीत होती, साहेबलोकांना तिचा पत्ता नव्हता. पुढे जायचा हुकूम आला की शेजारी-शेजारी झोपणारे दोघे गळ्यातले ओळखीचे बिल्ले बदलत. मरण क्रमांक विचारत येतं, त्याला चुकीच्या दारावर पाठवायचं, असं आमचं म्हणणं. परत आलो की आपापले बिल्ले परत. याला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं आणि कुणी चुकवतही नव्हतं. मी तर भटारखान्यातला. भांडी घासणारा, पाणी भरणारा, सगळे मला डेचकी म्हणत. पण त्या पहाटे पलीकडच्या काठावर पंधरा माणसं अडकली होती आणि चहाचं मोठं भांडं घेऊन मलाही पुढे पाठवलं. लांब्यानं बिल्ला काढून माझ्या हातात दिला. धातू त्याच्या छातीनं कोमट झालेला. "डेचकी, माझा नीट सांभाळ, तुझ्या मानेचा मळ लागेल त्याला," तो म्हणाला, आणि हसताना त्याचे दात वाजत होते.

पुढचं मी फार लोकांना सांगितलं नाही. गोळीबार सुरू झाला तेव्हा मी अलीकडच्या काठाजवळ होतो. भांडं हातातून केव्हा सुटलं ते आठवत नाही, चहा पायावर सांडला ते आठवतं, कारण पाण्यात शिरल्यावर भाजलेल्या जागेला फार बरं वाटलं. इतकंच. शौर्य कशाला म्हणतात मला माहीत नाही. मला पाय गार करायचे होते आणि पलीकडे कुणीतरी आईच्या नावानं ओरडत होतं. पहिला आणला तो बेशुद्धच होता. दुसऱ्या खेपेला पाण्यात मधोमध गोळ्या इतक्या जवळ पडल्या की रिकाम्या हातानं मागे फिरलो. तिसऱ्या खेपेला आणला तो आमचा कप्तान, मांडीत गोळी लागलेला. मी त्याला पाठुंगळी घेतलं होतं. त्याचं तोंड माझ्या मानेशी. "नाव काय तुझं?" त्यानं दोनदा विचारलं. मला श्वास नव्हता. मग त्याची बोटं मानेवर लागली, साखळी ओढल्यासारखं झालं. मला वाटलं, धरायला काहीतरी शोधतोय. काठावर ठेवल्यावर तो म्हणाला, "तुझं वर पाठवतो मी." आठवड्यानं तो दवाखान्यातच वारला. पण शब्द पाळून गेला. माझ्या मानेवर उलटा पडलेला बिल्ला त्यानं वाचला होता.

आणि लांब्या? लांब्या अलीकडच्या काठामागच्या चरात दोन्ही कान दाबून, गुडघे हनुवटीला लावून बसला होता. जाताना मी त्याला पाहिलं होतं. "चल," म्हणालो होतो. त्यानं नुसती मान हलवली. एवढा उंच माणूस, एवढासा झाला होता. तासाभरानं तोफेचा गोळा नेमका त्या चरावर पडला. दुपारी माणसं उचलायला आली, त्यांच्या आधी मी तिथं गेलो. त्याच्या गळ्यातून माझा बिल्ला काढला आणि त्याचा त्याला घातला. त्याच्या घरी बरोबर तार जावी म्हणून. लग्न होऊन चारच महिने झाले होते त्याचे. मी फार काळजीपूर्वक केलं ते, साखळीची कडी दातानं दाबून पक्की केली. म्हणजे ते पदक मी माझ्या हातानं त्याच्या गळ्यात घातलं.

कचेरीतून परतलो त्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं मुलाला सांगितलं. चरातलं सोडून. तेवढं मी गिळलं. मुलगा विमा कंपनीत दावे तपासतो. खोटं कुठं आहे हे हुडकायचा त्याला पगार मिळतो, आणि तो आपल्या कामात चांगला आहे. मी नोकरीतून सुटलो तेव्हा एका कारकुनानं माझं सेवापुस्तक घाईघाईनं वाचून दाखवलं होतं आणि "लाव अंगठा" म्हणाला होता. मी लावला. अकराव्या रकान्यात, पदके आणि सन्मान यांच्या, माझं पदक असणारच, असं मी धरून चाललो. बायकोला तसं सांगितलं, मुलाला तसं सांगितलं. मुलगा नऊ वर्षांचा झाला, भराभर वाचू लागला, आणि एका सुटीच्या दिवशी त्यानं ते पुस्तक ट्रंकेतून काढलं. "बाबा, इथं तर रेघ आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, नीट बघ. त्यानं नीट बघितलं. मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला. त्यानंतर चाळीस वर्षं तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही, पण मी काही सांगायला लागलो की त्याच्या चेहऱ्यावर एक दार अलगद लोटलं जायचं. बायको गेल्यावर मी सुनेकडून अक्षरं शिकलो ती पेपर वाचायला नव्हे. ती भाजी निवडायची, मी समोर बसून अ-आ गिरवायचो, आणि एक दिवस खोली आतून लावून मी तो अकरावा रकाना वाचला. वाचण्यासारखं काही नव्हतं. रेघच होती. शेवटच्या पानावर माझा अंगठा होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं: वरील सर्व नोंदी मला वाचून दाखविल्या, त्या बरोबर आहेत.

"म्हणजे पदक आहे, पण लांब्याकाकांचं," मुलगा म्हणाला.

"माझं आहे. त्याच्या क्रमांकावर गेलं."

"कप्तानानं पाहिलं ना? ते गेले. दुसरा जखमी?"

"बेशुद्ध होता."

"लांब्याकाका?"

"तोही गेला."

"म्हणजे साक्षीला तुम्ही एकटेच." त्यानं ताटातला घास बाजूला सारला. "बाबा, माझ्याकडे रोज माणसं येतात. ज्याच्या गोष्टीत प्रत्येक अडचणीला उत्तर तयार असतं ना, त्याची फाईल मी वेगळी ठेवतो."

"अहो, जेवू तर द्या त्यांना," सून म्हणाली.

"मी काय म्हणालो? मी काहीच म्हणत नाही." मग तो एकदम वेगळ्या आवाजात, लहानपणच्या आवाजात म्हणाला, "लांब्याकाकांच्या बायकोनं ते परत केलं ना बाबा, तुमच्या पुस्तकात शाईनं उमटलं ना, तर मी तुमची माफी मागेन. पहिल्यापासूनची." मी पाणी प्यायलो. मला पदक नको होतं. पदक घेऊन या वयात मी काय करणार, कुठं लावणार? मला ती माफीही नको होती. माझ्या मुलानं मी बोलत असताना माझ्याकडे दार न लोटता एकदा बघावं, मरायच्या आधी, एवढ्यासाठी मी दोन वर्षं त्या खिडकीत उभा होतो.

लांब्याची बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहते. जिन्याला कठडा होता पण तो हलत होता. दार उघडताच तिनं मला ओळखलं. वास्तविक आम्ही एकदाच भेटलो होतो, मी त्याची पेटी पोचवायला गेलो होतो तेव्हा. "या भाऊजी," ती म्हणाली. "नोटीस आली तेव्हापासून वाट बघतेय. म्हटलं आज ना उद्या चढतीलच जिना." खोलीत शर्टांचे ढीग होते. ती दुकानांसाठी काजं-बटणं करते, अजून, चष्म्यावर दुसरा चष्मा लावून. एका खुर्चीवरचे शर्ट तिनं उचलले आणि मला बसवलं. मी वाटेत जुळवलेली वाक्यं मनात फिरवत होतो. वहिनी, तुमच्यावर माझा राग नाही. वहिनी, चूक कुणाचीच नाही. तिनं मला बोलूच दिलं नाही. कपाटातून डबी काढली आणि शर्टांच्या ढिगावर माझ्यासमोर ठेवली. "तुमचं असेल तर घेऊन जा. मी भांडणार नाही. माझी कुठं शोभायात्रा निघणार आहे ते लावून? फक्त एक सांगा. हे तुम्ही केलंत, तर तेव्हा हे कुठं होते?"

इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, ते माझ्या नावावर का नाही. दुसरा कुणी दुसरा प्रश्न विचारेल हे मला सुचलंच नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

"भ्याले होते का?" तिनं विचारलं. विचारताना ती हसत होती, पण हातातली सुई थांबली होती. "फार भित्रे होते हो. पालीला भ्यायचे. मला पुढे करायचे आणि आपण खाटेवर उभे राहायचे, एवढा ताडमाड माणूस. म्हणून हे आलं ना, तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आमच्याकडे आलंय. वर्षभर डबी उघडली नाही. मग सासूबाई म्हणायच्या, अगं, वेळ आली की माणूस बदलतो. असं रोज ऐकून ऐकून हळूहळू खरं वाटायला लागलं. आता चाळीसच्या वर वर्षं मी त्या बदललेल्या माणसाबरोबर राहतेय. पाल दिसली तर मीच मारते, पण म्हणते, तुम्ही असता तर तुम्ही मारली असती आता." तिनं सुई शर्टात टोचून ठेवली. "तर नीट सांगा. मला कळू दे. मी रडणार नाही."

मी तिला सांगितलं. पहाटेपासून सांगितलं. त्याच्या हातात चहाचं भांडं दिलं, कारण मला त्या दिवशी ताप होता आणि माझ्याऐवजी तो गेला, असं सांगितलं. चहा त्याच्या पायावर सांडला. पाणी लागल्यावर त्याला बरं वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. पलीकडे कुणीतरी आईच्या नावानं ओरडत होतं. पहिला जखमी, मग रिकामी खेप, मग कप्तान. कप्तानानं मानेवरचा बिल्ला वाचला तो त्याचाच होता, त्यात काही घोटाळा नव्हता. काठावर येऊन तो हसला. मग थोडा वेळ चरात टेकला, दमला होता म्हणून, आणि तिथं गोळा पडला, त्याला कळलंही नाही. "आणि मी?" तिनं न विचारताच मी म्हणालो, "मी चरात बसलो होतो वहिनी, कान दाबून. म्हातारपणी डोक्यात कालवाकालव होते. मला वाटायला लागलं की तो मीच होतो."

सांगायला सुरुवात केली तेव्हा मी खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. सांगता सांगता काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्यासाठी मी प्रत्येक गोष्ट नीट लावत होतो, पाण्याचा रंग, कप्तानाच्या बुटातलं पाणी, आणि जी जी गोष्ट तिच्या हातात द्यावी ती ती माझ्याकडून जात होती. लांब्या उंच होता, म्हणून पाणी त्याच्या कमरेइतकं. मी बुटका, माझ्या छातीपर्यंत आलं होतं. कचेरीच्या वहीत कमरेइतकं लिहिलं होतं ना? मी ते वाचून मनात हो म्हणालो होतो. कप्तानानं क्रमांक लांब्याचा लिहिला, तसं पाणीही लांब्याच्याच उंचीनं लिहिलं? की पाणी खरंच कमरेइतकं होतं? मी खुर्चीत बसून आपल्या छातीपर्यंत आलेलं गार पाणी शोधत राहिलो, आणि मला सापडली ती चरातली माती. ओली, तोंडाजवळ, मुळं आलेली. ती मला इतकी जवळून कशी माहीत? मी तर तिथून नुसता गेलो होतो. गेलो होतो ना?

ती रडली नाही. तिनं डबी कपाटात परत ठेवली आणि म्हणाली, "लाजू नका हो भाऊजी. सगळेच थोडे भितात." माझ्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं ते तिनं अंगावरच शिवून दिलं. दोरा दातानं तोडताना तिचं कपाळ माझ्या छातीला लागलं.

अर्ज मागे घ्यायला मुलगा माझ्याबरोबर आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. मी फक्त म्हणालो होतो की मी चुकलो, पदक लांब्याचंच आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं माझी चप्पल दारात सरळ करून ठेवलेली मी पाहिली. खिडकीतल्या बाईनं कागद पुढे सरकवला. "नुसतं मागे घेतो म्हणून नाही चालत आजोबा. कारण लिहावं लागतं." मी लिहिलं, वैयक्तिक. तिनं मान हलवली. "तसं नको. तुम्ही सरकारी नोंदीवर आक्षेप घेतला होता ना? मग नोंदीत चूक नव्हती असं तुम्हीच लिहायला हवं. नाहीतर त्यांच्या पत्नीची फाईल उघडी राहील, पुन्हा कुणी विचारत बसेल." ती माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं असं मला वाटलं, पण रांग मोठी होती. मी पेन घेतलं. मुलगा खांद्यावरून वाचत होता. एकेक अक्षर काढायला मला वेळ लागतो, आणि तो प्रत्येक अक्षराला थांबला. अर्जदाराची आठवण चुकीची होती. मूळ नोंद बरोबर आहे. खाली मी सही केली. पूर्ण नाव, सुनेनं शिकवलेलं, वळणदार. अंगठा लावलेल्या कागदाबद्दल माणूस म्हणू शकतो की मला वाचता येत नव्हतं. हा कागद मी वाचला होता. बाईनं शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "झालं आजोबा. आता तुमचं पुस्तक एकदम बरोबर."

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मुलानं माझ्या हातातली पिशवी घेतली. "बरं झालं, बाबा," तो म्हणाला. "मनावर घेऊ नका. होतं असं या वयात. आमच्याकडेही येतात, मुद्दाम खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत असतं." तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं दार सताड उघडं होतं, आणि आत इतकी माया होती, इतकी दया होती, की मला खाली बघावं लागलं. "मी उगाच इतकी वर्षं..." तो म्हणाला. मग शब्द सुटे सुटे करून, जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "चहा, घेणार का, बाबा? समोर, दुकान आहे." मी हो म्हणालो. रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना लांबपर्यंत एकही गाडी नव्हती. तरी त्यानं माझा दंड धरला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मला पलीकडे नेलं.